छपरावरचा बर्फ, नदीवरचा बर्फ

हाऊकिनिवा गाव एकच, पण नदीने मधोमध चिरलेलं. अलीकडचा काठ फिनलंडचा, पलीकडचा स्वीडनचा. दोनशे वर्षांपूर्वी कुणा राजांनी नकाशावर रेघ मारली, तेव्हापासून आमच्याकडे दोन वाजतात तेव्हा समोर एकच वाजलेला असतो. याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. बोली तीच, आडनावं तीच, मासेही तेच. कुणी जेवायला बोलावलं तर माणूस एवढंच विचारतो, "आमचे पाच की तुमचे पाच?" नवं वर्षही आम्ही दोनदा साजरं करतो, एकदा इथे आणि मग बर्फावरून चालत जाऊन तिथे.

तायमी लांटो अलीकडच्या काठाची. बत्तीस वर्षं तिने गावात टपाल वाटलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. गावच्या स्की क्लबाची ती इतकी वर्षं चिटणीस आहे की दुसरं कुणी चिटणीस होऊ शकतं हेच गाव विसरून गेलंय. चिटणिसाचं काम काय? सभेला कॉफी ठेवायची, शर्यतीच्या दिवशी पोरांच्या छातीवर नंबर बांधायचे, आणि क्लबाच्या घराच्या छपरावर बर्फ फार साचला की घरोघर फोन करून रविवारची सावड बोलवायची. माणसं फावडी घेऊन येतात, दोन तासांत छप्पर मोकळं करतात, वाटाण्याचं सूप पितात आणि आपापल्या घरी जातात. फोन चिटणिसानेच करायचा, हा रिवाज. तो येत नाही तोवर कुणी फावड्याला हात लावत नाही, कारण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट समजतात.

दोन हिवाळ्यांमागे फेब्रुवारीत छपरावर कमरेएवढा बर्फ साचला होता. तायमीने फोन हातात घेतला आणि तिला आठवलं, या रविवारी टीव्हीवर जागतिक स्पर्धेतली स्कीची रिले आहे. स्की क्लबाचं गाव, रिले सोडून छपरावर कोण चढणार? तिने फोन खाली ठेवला. पुढच्या रविवारी बोलावू, म्हणाली. पण रिलेनंतरच्या शुक्रवारी अचानक हवा उबदार झाली, त्या बर्फावर पाऊस पडला, बर्फाने सगळं पाणी पिऊन घेतलं आणि शनिवारी सकाळी घर खाली बसलं. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. आणि रिलेत तरी काय दिवे लावले? चौथे आलो.

ते घर तायमीच्या बापाच्या पिढीने युद्धानंतर बांधलेलं. माघार घेणाऱ्या सैन्याने आमचा काठ जाळून टाकला होता. स्वतःच्या घरांना धड खिडक्या नव्हत्या तेव्हा त्या माणसांनी आधी क्लबाचं घर उभं केलं, कारण नाचायला एक जागा हवी आणि मयतानंतर बसून कॉफी प्यायला एक जागा हवी. लाकूड जळून गेलेलं, म्हणून ओंडके समोरच्या काठाने दिले, नदीत सोडून. गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या घराच्या मागच्या पायरीवर कुणाचं तरी चुंबन घेतलेलं आहे. तायमीनेही घेतलेलं आहे, आणि ते नवऱ्याचं नव्हतं, पण ती गोष्ट वेगळी.

घर पडल्यावर तायमीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. दुकानात भेटले की हवेबद्दल बोलायचे, माशांबद्दल बोलायचे, आणि छप्पर हा शब्द जिभेवर आला की गिळायचे. आमची माणसं अशीच. त्यांना वाटतं ही माया आहे. असेलही. पण तायमी घरी येऊन कोट काढायची आणि तशीच बाकावर बसून राहायची. एकदा तरी कुणी तोंडावर म्हणावं, बाई, घर तू पाडलंस, असं तिला वाटायचं. म्हणजे निदान हो म्हणता आलं असतं.

मग प्रांताच्या एका निधीकडून पत्र आलं. नवं घर बांधायला ते मोठा वाटा देणार होते, पण गावाने स्वतःचे बारा हजार युरो मे महिना संपायच्या आत उभे करायचे. नाही जमलं तर पैसे दुसऱ्या गावाला. लाकूड रानातलं, हात गावाचे, ते धरूनसुद्धा बारा हजार. गोड बनपाव विकून आणि लोकरीचे मोजे विकून आधी जे जमलं होतं ते जुन्या घराचा ढिगारा उचलण्यातच संपलं होतं. हा वाटा हुकला तर घर परत होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि मग ते पाडलेलं घर तायमीच्या नावावर कायमचं राहणार होतं. हे दुसरं कुणी मनात आणत नसेल, ती मात्र रोज आणायची.

तोड काढली यार्मोने. यार्मो म्हणजे तायमीच्या बहिणीचा मुलगा, क्लबाचा अध्यक्ष, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवतो.

"मावशी, नदीवर पैज लावू," तो म्हणाला. "बर्फ कधी निघतो त्यावर. तारीख, तास, मिनिट. तिकीट पाच युरो. जो बरोबर सांगेल त्याला निम्मे, घराला निम्मे."

"बर्फ निघाला हे ठरवायचं कशावरून?"

"मधोमध काहीतरी ठेवायचं. त्याला दोरी बांधायची, ती काठावर आणायची आणि घड्याळाच्या तारेला अडकवायची. बर्फ हलला की तार निघाली आणि घड्याळ बंद. ठेवायला जुन्या घरातलंच काहीतरी असलं तर बरं दिसेल. काय वाचलंय?"

"सॉनाची भट्टी आणि बक्षिसांचा चौथरा."

"भट्टी बुडेल. चौथरा तरंगेल." यार्मोने डोकं खाजवलं. "तसंही त्याच्यावर आपलं माणूस कितीदा उभं राहिलंय?"

हे खरं होतं. दर मार्चमध्ये दोन काठांची रिले होते आणि दर मार्चमध्ये समोरचा काठ जिंकतो. तर तो एक, दोन, तीन आकडे रंगवलेला लाकडी चौथरा पोरांनी ओढत नेऊन नदीच्या मधोमध ठेवला. त्या पांढऱ्या सपाटीवर तो एकटा उभा राहिला आणि येणारेजाणारे त्याच्यावर चढून फोटो काढायला लागले. पहिल्या पायरीवर चढायला आमच्या काठाची रांग जरा जास्तच लागली.

तायमीने तिकिटं विकली ती टपालाच्या जुन्या पिशवीतून. अलीकडची सगळी घरं झाली, मग बर्फावरून चालत पलीकडची. जी माणसं गाव सोडून गेली होती त्यांना तिने पत्रं धाडली. आणि मग उत्तरं यायला लागली. किरुनाच्या खाणीतून, हेलसिंकीहून, ओस्लोहून, एक तर पार ऑस्ट्रेलियातून. ज्यांची नावं गावाने चाळीस वर्षांत घेतली नव्हती अशा माणसांनी दहा-दहा, वीस-वीस तिकिटं मागवली होती. कुणी लिहिलं होतं, त्या घरात मी पहिल्यांदा नाचले. कुणी लिहिलं होतं, आईच्या मयताची कॉफी तिथेच प्यायलो, बर्फाचं मला काही कळत नाही, तुला वाटेल ते मिनिट लिही. तायमीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात पाकिटं टाकली. आता स्वतःच्या दारातला तो ढीग बघून ती उंबऱ्यावर मटकन बसली. एवढ्या माणसांनी एक घर मनात धरून ठेवलंय आणि आपल्याला पत्ताच नाही, हे काही तिच्या डोक्यात मावेना. तिने प्रत्येक पत्र दोनदा वाचलं.

पलीकडच्या काठावर शेवटचं घर राहिलं ते हिल्डिंग वाराचं. हिल्डिंग एकोणऐंशी वर्षांचा, समोरच्या क्लबाचा. आधी धावून आणि नंतर पोरांना शिकवून त्याने तीस वर्षं आम्हाला हरवलंय. त्याचं घर आमच्या क्लबाच्या अगदी समोर, स्वयंपाकघराची खिडकी नदीवर.

"आलीस भीक मागत," तो म्हणाला आणि तिच्यासाठी कॉफी ओतली.

"भीक नाही, पैज आहे. हरायची भीती वाटत असेल तर राहू दे."

"तुमच्या काठाकडून हरायची?" त्याने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपात भाजलेल्या चीजचे तुकडे टाकले आणि खिडकीबाहेर बघत बसला. "हे बघ. जेवलो की मी एक डुलकी काढतो. सव्वाला उठतो. गुडघे सरळ व्हायला दोन मिनिटं लागतात. एक वाजून सतरा मिनिटांनी मी या खिडकीशी असतो. पोरगा होतो तेव्हापासून या नदीचा बर्फ जाताना बघतोय मी, मला टाळून ती जाणार नाही. अकरा मे, एक सतरा."

"तूच लिही. नंतर म्हणशील तायमीने चुकीचं टिपलं."

त्याने तिकिटावर लिहिलं, तिच्या वहीतही आपल्या हाताने लिहिलं आणि पन्नास क्रोना टेबलावर ठेवले. कुणाचे एक सतरा, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चूक झाली ती ही, आणि ही आमच्याच गावात होऊ शकते. बोलताना आम्ही आमचे-तुमचे केल्याशिवाय वेळ सांगत नाही. लिहिताना मात्र ते कुणी लिहीत नाही, कारण लिहिणारा कुठे बसलाय हे सगळ्यांना माहीतच असतं. तिकिटावर तायमीने वेळेचं छापून घेतलं होतं ते एवढंच, तारीख, तास, मिनिट. बस्स.

अकरा मेला सकाळपासून नदी कुरकुरत होती. शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवावं तसा आवाज मधूनच यायचा आणि थांबायचा. दुपारपर्यंत दोन्ही काठांवर माणसं जमली. शाळेने पोरांना सोडलं. कुणी थर्मास आणले, कुणी खुर्च्या आणल्या, आणि दोन वाजून गेल्यावर गप्पा आपोआप बंद पडल्या, कारण वरच्या वळणापलीकडून गडगड ऐकू यायला लागली होती आणि ती थांबत नव्हती.

मग तायमीला वाटलं आपणच मागे सरकतोय. पायाखालचा काठ, बर्चची झाडं, माणसं, सगळं हळूहळू उलट्या दिशेने चाललंय असं वाटून तिने यार्मोचा हात धरला. काठ जागेवरच होता. नदी निघाली होती. एका काठापासून दुसऱ्यापर्यंतचा सगळा बर्फ अखंड उठून चालू लागला होता, त्याच्यावर हिवाळाभर पडलेल्या वाटा, स्कीचे माग, मधोमध उभा चौथरा, सगळं जसंच्या तसं घेऊन. क्षणभर आवाजच नव्हता. मग तो मधून फाटला. गोठ्याएवढाल्या लाद्या उभ्या राहिल्या, एकमेकींवर चढल्या, काठावर येऊन बर्चची झाडं काडीसारखी मोडून परत पाण्यात गेल्या. त्यांच्या कडा काचेसारख्या निळ्या होत्या. जमीन पायात थरथरत होती. पोरं चिडीचूप. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

तायमीने सदुसष्टदा हे पाहिलेलं असेल. पण दर वेळी छातीत असंच होतं, आपण किती लहान आहोत ते कळतं आणि त्याचं वाईट वाटत नाही. तिने समोरच्या काठाकडे बघितलं. तिकडेही माणसं अशीच उभी होती, हात खाली सोडून. चौथरा त्यांच्या आणि आपल्यामधून सरळ उभा वाहत गेला, एक आकडा सगळ्यांत उंच, आणि खालच्या वळणाला दिसेनासा झाला.

"चौथराच जिंकला," यार्मो हळूच म्हणाला.

घड्याळ दोन सतराला थांबलं होतं.

तायमीने वहीतलं अकरा मेचं पान उघडलं. अकरा मे, दोन सतरा, रित्वा नीस्का. रित्वा म्हणजे घरोघर जाऊन आजारी माणसांचं बघते ती नर्स. तिची गाडी महिनाभर रुसून बसली होती आणि ती सायकलवर फिरत होती. चोवीस हजार जमले होते, त्यातले निम्मे तिचे. यार्मोने सगळ्यांसमोर तिचं नाव पुकारलं, हात मिळवला, फोटो काढला. रित्वा म्हणाली, "मग आता सायकल विकते," आणि पुरुषांनी टोप्या परत डोक्यावर घातल्या. उरलेले बारा हजार घराचे. निधीला हवे होते तेवढेच, एक युरो कमी नाही.

तायमी वही मिटणार तेवढ्यात तिची नजर खाली गेली. चार ओळी खाली. अकरा मे, एक सतरा. हिल्डिंग वारा. त्याच्याच हाताने, ठसठशीत.

आमच्याकडे दोन सतरा तेव्हा समोर एक सतरा. तो त्याच्या स्वयंपाकघरात बसून, त्याच्या डुलकीवरून वेळ लिहीत होता. अचूक मिनिट. रित्वाचं जाहीर झालं होतं, ते परत मागायचं तोंड नव्हतं, आणि तिकिटावर स्वच्छ छापलं होतं, बरोबर वेळ सांगणाऱ्याला निम्मे, वाटणीचा शब्दही नव्हता. म्हणजे उरलेले निम्मे हिल्डिंगचे. घराला शून्य.

आजूबाजूला माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. वही फक्त तिच्या हातात होती.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने यार्मोला बोलावून वही दाखवली. त्याने ती ओळ वाचली, दारापर्यंत गेला, परत आला.

"घड्याळ आपल्या काठावर, दोरी आपल्या काठावर," तो म्हणाला. "वेळ आपली. विषय संपला, मावशी."

"त्याने त्याच्या घरात बसून लिहिलंय. मी समोर होते."

"त्याने काही विचारलंय?"

"नाही."

"मग तुला कशाला पाहिजे नसती उठाठेव? महिना संपायला अठरा दिवस आहेत."

"छप्पर पडायच्या आधीही मला कुणी काही विचारलं नव्हतं," तायमी म्हणाली.

दोन वर्षांत तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. यार्मोने आपल्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, कारण तायमीच्या गाडीत पेट्रोल नसतं हे त्याला माहीत होतं.

नदीत अजून लाद्या वाहत होत्या, होडी घालायची सोय नव्हती. पूल चाळीस किलोमीटर खाली. हिल्डिंगचं घर तिच्या दारातून रोज दिसतं, हाक मारली तर कदाचित ऐकूही येईल, आणि त्याच्यापर्यंत पोचायला तिला दीड तास लागला. वाटेत काठावर बर्फाचे ढीग घरांएवढे पडले होते आणि उन्हात ठिबकत होते. चौथरा कुठे दिसतो का ते ती बघत गेली. दिसला नाही.

हिल्डिंग खिडकीशी बसला होता. तो उठला नाही. "कॉफी चुलीवर आहे," एवढंच म्हणाला.

तायमीने कॉफी घेतली नाही. वही टेबलावर उघडून ठेवली. "तू जिंकलास," ती म्हणाली. "वेळ तुझी होती. चूक माझी, मी छापायला हवं होतं."

त्याने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"एक सतरापासून. उठलो, गुडघे सरळ केले, खिडकीशी आलो आणि ती हलली. अगं, मी हात काचेवर टेकवला आणि ती हलली. घड्याळाकडे बघितलं, एक सतरा. एवढी वर्षं बघतोय, पहिल्यांदा वाटलं की तिने माझी वाट बघितली."

"मग बोलला का नाहीस? तीन दिवस झाले."

"गप्प बसायचं ठरवलं होतं. तुमचं घर होईल म्हटलं. तेवढंही करू दिलं नाहीस." तो चिडला होता, खरोखरच. "टपालवाली ती टपालवालीच. ज्याचं त्याला नेऊन दिल्याशिवाय झोप लागायची नाही."

"हिल्डिंग, ते घर मी पाडलंय," तायमी म्हणाली. "सावड बोलवायची होती, मी नाही बोलावली. रिले होती म्हणून. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आता हे दाबून नवं घर उभं केलं तर त्याच्यात पाऊल कुठल्या तोंडाने टाकू?"

हिल्डिंग भिंतीला धरून उठला आणि आपली खुर्ची मोकळी केली.

"बस इथे."

"कशाला?"

"बस तर."

ती बसली. खिडकीत नदी होती, लाद्या होत्या, आणि त्यापलीकडे बरोब्बर समोर, दुसरं काहीच मध्ये न येता, क्लबाची रिकामी जागा होती.

"तुम्हाला खालून बर्फ दिसतो," तो तिच्या मागून म्हणाला. "इथून आढं दिसतं. मधोमध वाकलं होतं ते. त्या आठवडाभर मी रोज बघत होतो. बुधवारी फोन उचलला. तुझा नंबर लावला, शेवटचा आकडा सोडून. मग म्हटलं, पलीकडचा म्हातारा आम्हाला बर्फ उपसायला शिकवतो म्हणून हसतील. ठेवून दिला. रविवारी मीही रिलेच बघत बसलो होतो." त्याने नाक ओढलं. "माझ्या बापाने दिलेले ओंडके होते त्यात. मी त्याच्याबरोबर नदीत सोडले होते, सहा वर्षांचा होतो. शनिवारी सकाळी ते मोडले तेव्हा आवाज इथपर्यंत आला. मी याच खुर्चीत होतो."

तायमी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. दोन वर्षं तिला वाटत होतं की हे ओझं जगात तिचं एकटीचंच आहे. आणि तेच ओझं घेऊन समोर, रोज दिसणाऱ्या दिव्याखाली हा माणूस बसला होता. रिले संपेपर्यंत टीव्हीपुढे बसलेल्या त्या सगळ्या घरांमध्ये आणखी कुणाकुणाचा हात फोनपर्यंत जाऊन परत आला असेल, कोण जाणे. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. हिल्डिंगने तिच्याकडे न बघता भांडं चुलीवरून उतरवलं आणि कॉफी ओतली, आणि या वेळी तिने ती घेतली.

नंतर त्याने भिंतीवरच्या घड्याळामागून तिकीट काढून तिच्यापुढे ठेवलं.

"लिही वहीत. हिल्डिंग वारा म्हातारा झालाय, त्याने चुकून तुमची वेळ लिहिली."

"ते खोटं आहे. तुझं काय चुकलं?"

"मग लिही, दिले. पण सभेत मोठ्याने वाचू नकोस. आमच्या क्लबात मला तोंड दाखवायचंय."

तिने लिहिलं, दिले. त्याने सही केली.

सभेत तायमीने ते मोठ्याने वाचलं. आधी छपराचंही सांगितलं, उभं राहून, आपल्या तोंडाने. मागच्या बाकावरून रित्वा म्हणाली, "रिले मीही बघितली," आणि मग आणखी एकजण म्हणाला, आणि मग बाकांवरून तेच येत राहिलं, मीही, मीही. यार्मो सगळ्यांत शेवटी म्हणाला. मे संपायला तेव्हा नऊ दिवस होते आणि वाटा पुरा होता. रित्वाने आपल्या पैशांतून गाडी घेतली, लाल रंगाची, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

घर उन्हाळाभर चढलं. समोरून माणसं होड्यांतून यायची, करवती घेऊन. हिल्डिंग यायचा तो काम करायला नाही, नावं ठेवायला. वासे बारीक आहेत म्हणायचा, आणि मग यार्मो वैतागून जाड वासे घालायचा. पहिला बर्फ पडला तेव्हा छप्पर पुरं झालं होतं. चौथऱ्याचा पत्ता लागला नाही, नवा करावा लागला.

जानेवारीत चार दिवस सारखा बर्फ पडला. पाचव्या दिवशी सकाळी उघडला. मंगळवार होता. तायमी खिडकीशी गेली तेव्हा आभाळ नुकतं गुलाबी होत होतं, आणि नव्या छपरावर बर्फ गाद्या रचून ठेवल्यासारखा उंच बसला होता. तिला एकदम तो जुना शनिवार आठवला. ती फोनकडे गेली. हात पुढे केला आणि फोन वाजला.

"तायमी," पलीकडून आवाज आला. हिल्डिंगने आयुष्यात तिला कधी फोन केला नव्हता. "छपरावर बर्फ फार झालाय. मला इथून दिसतंय."

तायमी फोन धरून छपराकडे बघत राहिली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"सावड बोलव. मी फावडं काढलंय."

"तू ऐंशीचा आहेस, हिल्डिंग. आणि मी वाटाणेही भिजवलेले नाहीत."

"सूप प्यायला कोण येतंय. किती वाजता येऊ ते सांग. आमचे दहा की तुमचे दहा?"

"आत्ता ये," तायमी म्हणाली, आणि फोन ठेवून पहिल्या घराचा नंबर लावला.